मागवलं एक, आलं दुसरंच: ऑनलाइन खरेदीचे पैसे परत कसे मिळवायचे? हदगावात बसूनही तक्रार करता येते

ऑक्टोबर २०१८ मधली गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबादमध्ये, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये, एका माणसानं ऑनलाइन मोबाइल मागवला. ९,१३४ रुपये आधीच भरले. काही दिवसांनी पार्सल आलं, उघडलं, तर आत वीट. त्यानं पार्सल आणून देणाऱ्याला फोन लावला. उत्तर मिळालं, आमचं काम पार्सल पोहोचवायचं, आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही. शेवटी हर्सूल पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार झाली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अभिनेत्री सोनाक्षी सिन्हा हिनं अ‍ॅमेझॉनवरून १८ हजारांचे हेडफोन मागवले आणि खोक्यातून गंजलेल्या लोखंडाचा तुकडा निघाला. तिनं फोटोसकट ट्विट केलं, देशभर बातमी झाली, कंपनीनं माफी मागितली.

वीट किंवा लोखंड निघालं तर एका अर्थानं भांडण सोपं असतं. मोबाइल आणि वीट यात गोंधळ होत नाही. खरी पंचाईत होते ती वस्तू तीच असते, पण सांगितल्यासारखी नसते तेव्हा. साडीच मागवली आणि साडीच आली, पण ‘प्युअर सिल्क’ लिहिलं होतं आणि हातात पॉलिस्टर आहे. फवारणीचा पंपच आला, पण १२ अँपिअरची बॅटरी सांगून आत ८ अँपिअरची बसवलीय. अशा वेळी अ‍ॅपमध्ये ‘रिटर्न’ दाबलं की उत्तर येतं, ‘तुम्ही मागवलेली वस्तूच मिळाली आहे, विनंती नाकारण्यात आली’. बहुतेक लोक इथेच सोडून देतात. सात-आठशे रुपयांसाठी कुठं भांडायचं, असं म्हणून.

तुम्ही नांदेड जिल्ह्यातल्या हदगाव तालुक्यात राहत असाल तर आणखी एक विचार मनात येतो. कंपनी बंगळुरूची, विक्रेता सुरतचा किंवा दिल्लीचा, आणि आपण इथे. कोण कुणाला विचारतंय?

तर, विचारता येतं. अ‍ॅपनं ‘नाही’ म्हटलं म्हणून कायद्यानं ‘नाही’ म्हटलेलं नसतं. कसं ते बघू.

अ‍ॅपची पॉलिसी मोठी की कायदा?

किराणा दुकानात बिलाच्या खाली छापलेलं वाक्य आठवतंय? ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ऑनलाइनमध्ये त्याचंच रूप म्हणजे ‘नॉन रिटर्नेबल’. दोन्ही वाक्यं वाचून असं वाटतं की विषय संपला.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यानं १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. या कायद्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणजे काय याची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देणं हीसुद्धा त्यात येतं. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत.

‘सदोष’ म्हणजे फक्त मोडकं-तुटकं असं समजू नका. वस्तूचा दर्जा, प्रमाण, शुद्धता यांबाबत विकणाऱ्यानं जो दावा केला, त्यात कमी पडणं हासुद्धा कायद्याच्या व्याख्येत दोषच आहे. म्हणजे साडी फाटलेली नाही, पण सिल्क सांगून पॉलिस्टर दिली, तर ती कायद्याच्या नजरेत सदोष.

त्याच महिन्यात, २३ जुलै २०२० रोजी, केंद्र सरकारनं ई-कॉमर्ससाठी वेगळे नियम काढले. त्यात हे जास्त स्पष्ट आहे. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील किंवा ती कबूल केलेल्या वेळेपेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. उशिराच्या बाबतीत फक्त नैसर्गिक आपत्तीसारखी कारणं वगळली आहेत. आणि ‘आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत’ म्हणणाऱ्या कंपनीवरही जबाबदारी टाकलीय. आपल्या साइटवरचे फोटो आणि वर्णन खऱ्या वस्तूशी जुळतं, असं हमीपत्र तिनं प्रत्येक विक्रेत्याकडून घ्यायला हवं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘आवडलं नाही’, ‘रंग घरच्यांना पटला नाही’, ‘दुसरीकडे स्वस्त मिळालं’ यासाठी कायदा पैसे मिळवून देत नाही. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत काहीही कारण न देता परत करता येते. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही, तिथे कंपनीची पॉलिसी जे म्हणेल तेच. म्हणून तक्रार करताना ‘पसंत नाही’ हे कारण कधीच निवडू नका. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ हेच निवडा. अ‍ॅपमध्ये कारणांची यादी येते तेव्हा घाईत पहिलाच पर्याय दाबला जातो आणि पुढे तोच आपल्या विरोधात वापरला जातो.

‘सिल्क’ की ‘आर्ट सिल्क’?

आता वर्णनाबद्दल बोलू, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पैठणीचं उदाहरण घेऊ, कारण पैठण आपल्या मराठवाड्यातलं. लग्नसराईत इन्स्टावर आणि शॉपिंग अ‍ॅपवर ‘पैठणी’ असं टाकलं की हजाराच्या आतल्या शेकडो साड्या दिसतात. हातमागावर शुद्ध रेशमात विणलेल्या पैठणीला कारागिराचे कित्येक दिवस जातात, तिची किंमत हजारांत सुरू होऊन लाखांपर्यंत जाते. ९९९ रुपयांना ती मिळणार नाही हे खरंतर सगळ्यांना कळतं. पण फोटोवर मोर असतात, नारळी काठ असतो, आणि शीर्षकात ‘सिल्क’ असतं.

नीट वाचलं की कळतं की तिथे ‘आर्ट सिल्क’ लिहिलंय. यातल्या ‘आर्ट’चा कलेशी काही संबंध नाही, तो ‘आर्टिफिशियल’चा तुकडा आहे. म्हणजे कृत्रिम रेशीम, बहुधा रेयॉन किंवा पॉलिस्टर. ‘सिल्क ब्लेंड’, ‘सिल्क फील’, ‘पैठणी स्टाइल’ हे सगळे त्याच घराण्यातले शब्द. असं लिहिलेलं असताना पॉलिस्टर आलं तर तुमची बाजू पडते, कारण वर्णन खोटं नव्हतं, फक्त चलाख होतं. पण ‘प्युअर सिल्क’ लिहिलं आणि पॉलिस्टर आलं तर तुमची बाजू भक्कम आहे. किंमत कमी होती म्हणून हक्क कमी होत नाही. विक्रेता म्हणेल, ‘एवढ्या पैशात खरं सिल्क मिळतं का?’ त्याला उत्तर एकच: मग लिहिलं का?

शीर्षकात एक आणि खाली बारीक अक्षरात दुसरं, असंही दिसतं. वर ‘प्युअर सिल्क पैठणी’, खाली तपशिलात ‘फॅब्रिक: पॉली सिल्क’. अशा वेळी दोन्हींचा स्क्रीनशॉट घ्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या कायद्यात आहे, आणि वस्तूचं खोटं वर्णन करणं त्यात बसतं.

खरं रेशीम कसं ओळखायचं? पदराच्या टोकाला सुटलेला एखादा दोरा घेऊन जाळून बघतात. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे करताना व्हिडिओ काढा, पण साडीला कात्री लावू नका आणि नेसून बघू नका. वापरलेली वस्तू परत घ्यायला नकार देणं कंपनीला फार सोपं जातं. खरेदीआधीच बघायचं असेल तर केंद्रीय रेशीम मंडळाची ‘सिल्क मार्क’ची खूण शोधा.

शेतीच्या सामानातही असाच खेळ चालतो. पंपाच्या खोक्यावर ‘डबल मोटर, १२ × १२’ छापलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्ट आणि १२ अँपिअर. बॅटरीचं झाकण उघडून तिच्यावरचं लेबल वाचल्याशिवाय काही कळत नाही. सोयाबीनवर फवारणी करताना पंप दुपारीच बंद पडतो तेव्हा कळतं, आणि तोवर सात दिवस उलटून गेलेले असतात. त्यामुळे पंप आला की त्याच दिवशी झाकण उघडा, शेतात न्यायच्या आधी.

आणि हो, ‘पंप शेतीसाठी घेतला म्हणजे धंद्यासाठी घेतला, मग तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेली वस्तू कायद्यात ‘व्यापारी हेतू’ धरली जात नाही. शिलाई मशीन घेतलेल्या ताईंनाही हेच लागू आहे.

पार्सल हातात आलं, आता काय करायचं?

पहिला तास सगळ्यात महत्त्वाचा.

पार्सल फोडायच्या आधी मोबाइल कॅमेरा सुरू करा. घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा. आधी पार्सलच्या सगळ्या बाजू, त्यावरचं नाव-पत्त्याचं लेबल आणि टेप दाखवा, मग फोडा. मध्ये थांबवू नका, एडिट करू नका. वस्तूवरचं लेबल जवळून दाखवा. तुम्हाला हे जरा नाटकी वाटेल. वाटू द्या. नंतर ‘वस्तू तुम्हीच बदलली’ असा आरोप झाला तर हाच व्हिडिओ कामी येतो.

पाकीट फेकू नका. त्यावर विक्रेत्याचा परतीचा पत्ता असतो. पुढे तक्रारीत ‘सामनेवाला’ म्हणून कुणाचं नाव लिहायचं, हे त्या चुरगाळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर असतं.

मग अ‍ॅप उघडा आणि वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या: शीर्षक, किंमत, फोटो, तपशील, विक्रेत्याचं नाव. हे लगेच करा, कारण तक्रारी वाढल्या की विक्रेते वर्णन बदलतात किंवा पानच काढून टाकतात. बिल डाउनलोड करून ठेवा. मूळ फाइल्स फोनमधून डिलीट करू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली कॉपी पुरेशी नसते.

महाग वस्तू असेल तर ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’चा पर्याय मिळतो का ते ऑर्डर करतानाच बघा. यात डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर खोकं उघडतो आणि मग ओटीपी घेतो. ओटीपी दिला म्हणजे ‘बरोबर वस्तू मिळाली’ असं तुम्ही कबूल केलं, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे बघायच्या आधी ओटीपी सांगायचा नाही. डिलिव्हरीवाला घाई करेल. त्यालाही दिवसाला ढीगभर पार्सलं पोहोचवायची असतात, त्याच्याशी भांडण नको. पण ओटीपी तुमचा आहे.

‘पिकअपला कोणी आलंच नाही’

शहरातल्या लोकांना हा प्रश्न फारसा कळणार नाही. हदगाव, तामसा या भागात डिलिव्हरी होते, पण आसपासच्या खेड्यांत अनेकदा फोन येतो, ‘हदगावला या आणि पार्सल घेऊन जा’. परत न्यायची वेळ आली की तर आणखी अवघड. अ‍ॅपवर ‘उद्या पिकअप’ दिसतं, कोणी फिरकत नाही, आणि संध्याकाळी मेसेज येतो, ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’. असं दोन-तीनदा झालं की रिटर्नची विनंती आपोआप रद्द होते.

त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी अ‍ॅपच्या चॅटमध्ये लिहा, ‘मी दिवसभर घरी होतो, कोणाचाही फोन आला नाही.’ कॉल लॉगचा फोटो जोडा. फोनवर बोलण्यापेक्षा चॅट बरं, कारण ते लेखी राहतं. चॅट संपलं की ते स्क्रीनवरून गायब होतं, म्हणून बोलत असतानाच स्क्रीनशॉट घेत राहा.

काही कंपन्या सांगतात, तुमच्या पिनकोडला परतीची सोय नाही, तुम्हीच कुरिअर करा. तसं करायचं ठरलं तर स्पीड पोस्टनं पाठवा, पावती आणि पार्सलचं वजन दिसेल असा फोटो ठेवा आणि खर्च परत मागा. चूक त्यांची असताना टपालाचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा?

पिकअपला माणूस आलाच तर वस्तू त्याच्या हाती देताना पुन्हा एक छोटा व्हिडिओ काढा. ‘परत आलेली वस्तू वेगळीच निघाली’ हे उत्तरही लोकांना मिळालेलं आहे.

तक्रार निवारण अधिकारी नावाचा माणूस

कस्टमर केअर आणि तक्रार निवारण अधिकारी हे दोन वेगळे लोक आहेत. पहिल्याशी सगळे बोलतात, दुसरा कुणालाच माहीत नसतो.

२०२० च्या नियमांनुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीनं असा अधिकारी नेमायचा आहे आणि त्याचं नाव, पद, संपर्क साइटवर द्यायचा आहे. बहुधा सगळ्यात खाली, बारीक अक्षरात ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’ असं लिहिलेलं असतं. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची, असं बंधन आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. आईनं ‘शंभर टक्के कॉटन’ लिहिलेल्या चादरी मागवल्या, आल्या त्या सरळसरळ पॉलिस्टरमिश्रित. चादरीच्या शिवणीतल्या लेबलवरच तसं छापलं होतं! कस्टमर केअरनं तीनदा नकार दिला. मग या अधिकाऱ्याला एक मेल केला, लेबलचा फोटो आणि स्क्रीनशॉट जोडून. नवव्या दिवशी पैसे आले. कोणाशी वाद नाही, आवाज चढवणं नाही. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, पण हा मेल करायला दहा मिनिटं लागतात.

मेलमध्ये राग नको, माहिती हवी. साधारण असं लिहा:

‘मी दि. … रोजी ऑर्डर क्र. … अन्वये … ही वस्तू … रुपयांना घेतली. तुमच्या अ‍ॅपवरील वर्णनात “…” असं नमूद होतं. प्रत्यक्षात “…” मिळालं. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, लेबलचा फोटो आणि वर्णनाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीप्रमाणे नसलेल्या वस्तूचे पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. कृपया ४८ तासांत पोच द्यावी आणि संपूर्ण रक्कम मी ज्या खात्यातून भरली त्या खात्यात परत करावी. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व संपर्कही कळवावा.’

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम आहेत. लेखी मागितल्यावर विक्रेत्याचा पत्ता देणं प्लॅटफॉर्मला बंधनकारक आहे. आणि ‘खात्यात’ यासाठी की अनेकदा पैसे कूपन किंवा वॉलेटमध्ये टाकून बोळवण केली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ओला कंपनीला याच कारणावरून आदेश दिला होता, की परतावा बँक खात्यात हवा की कूपनमध्ये हे ग्राहकाला निवडू द्या. तो विषय प्रवासाच्या भाड्याचा होता, पण मुद्दा तोच.

याच प्राधिकरणानं ऑगस्ट २०२२ मध्ये दर्जाचं बंधनकारक प्रमाणपत्र नसलेले प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांना प्रत्येकी एक लाखाचा दंड लावला. अ‍ॅमेझॉनवरून विकले गेलेले २,२६५ आणि फ्लिपकार्टवरून गेलेले ५९८ कुकर परत मागवून ग्राहकांचे पैसे द्यायला सांगितलं. ‘आम्ही फक्त मधले आहोत’ हा बचाव तिथे टिकला नाही.

१९१५

कंपनीनं दाद दिली नाही तर पुढची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नंबर १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. फोन लागला नाही तर ८८००००१९१५ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करता येतं, हेल्पलाइनच्या वेबसाइटवर किंवा उमंग अ‍ॅपवरही तक्रार नोंदवता येते. तुम्हाला एक डॉकेट नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

हेल्पलाइन हे न्यायालय नाही, ती कंपनीला हुकूम करू शकत नाही. पण हजाराहून जास्त कंपन्या या यंत्रणेशी थेट जोडलेल्या आहेत आणि तक्रार सरळ त्यांच्या वरच्या टेबलावर जाते. लहान रकमेच्या पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात. हजार रुपयांच्या आतल्या खरेदीसाठी मी तरी इथपर्यंतच जाईन. त्यापुढे जायचं का, हे रकमेवर आणि तुमच्या चिकाटीवर आहे.

कार्डनं पैसे भरले असतील तर बँकेकडे ‘चार्जबॅक’ही मागता येतो. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हे त्यासाठीचं मान्य कारण आहे. त्याला मुदत असते, म्हणून लवकर अर्ज द्या. यूपीआयनं दिलेल्या पैशांना ही वाट सहसा मिळत नाही, कारण पिन टाकून ते तुम्ही स्वतः पाठवलेले असतात.

नांदेडचं ग्राहक आयोग: बंगळुरूची कंपनी, तारीख नांदेडला

२०१९ च्या कायद्यातला हदगावकरांच्या सगळ्यात कामाचा बदल कलम ३४ मध्ये आहे. जुन्या कायद्यात तक्रार कुठे करायची यावरूनच वाद व्हायचा. कंपनीचं ऑफिस कुठे, व्यवहार कुठे झाला, वगैरे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर, कुठेही राहत असाल तरी नांदेडचं जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीला तिथे उत्तर द्यावं लागतं.

वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडेच चालतं. आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील देण्याची सक्ती नाही, स्वतः बाजू मांडता येते. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, जानेवारी २०२५ पासून ते सुरू आहे. सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही करता येतो. हदगावहून नांदेड साठ-सत्तर किलोमीटर, एसटीनं जाऊन-येऊन दिवस मोडतो, तेव्हा ही सोय लहान नाही.

तक्रारीत प्लॅटफॉर्म आणि विक्रेता दोघांनाही सामनेवाले करा. नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. सोबत बिल, स्क्रीनशॉट, मेल, डॉकेट नंबर आणि शपथपत्र जोडायचं. मागणीत वस्तूची किंमत, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि खर्च लिहिता येतो. ८०० रुपयांच्या साडीसाठी ५ लाख मागू नका, आयोगापुढे त्यानं आपलंच वजन कमी होतं.

तक्रार करायची मुदत दोन वर्षं आहे. अ‍ॅपची सात दिवसांची खिडकी बंद झाली तरी ही उघडी असते. कापड सिल्क आहे की नाही असा तांत्रिक वाद असेल तर आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते.

किती दिवस लागतात? कायदा म्हणतो तीन महिने, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पुढे जातात, वर्षही जातं. हे आधीच माहीत असलेलं बरं. पण निकाल लागतात. बंगळुरूच्या आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये पैसे घेऊन मोबाइलच न पोहोचवल्याबद्दल फ्लिपकार्टला १२,४९९ रुपये १२ टक्के व्याजानं परत द्यायला सांगितले, शिवाय २०,००० दंड आणि १०,००० खर्च. आयोगाचा आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे.

लिहायला मदत हवी असेल तर ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते शोधा. ही चळवळ महाराष्ट्रातलीच, बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ती सुरू केली, म्हणजे देशात ग्राहक कायदा यायच्या बारा वर्षं आधी. दर २४ डिसेंबरला तहसील कार्यालयात राष्ट्रीय ग्राहक दिनाचा कार्यक्रम होतो, त्याला हे लोक हमखास भेटतात.

इन्स्टाग्रामवरून घेतलं असेल तर?

इथे मी जरा कडक बोलणार आहे. बिल नाही, पत्ता नाही, कॅश ऑन डिलिव्हरी नाही, फक्त ‘डीएम फॉर प्राइस’ आणि यूपीआयचा क्यूआर कोड. अशा पेजवरून घेताना कायदा तुमच्या बाजूनं असतोच, ऑनलाइन खरेदी करणारा प्रत्येक जण ग्राहक आहे. पण नोटीस पाठवायची कुणाला? पेजचं नाव उद्या बदलतं, तुम्हाला ब्लॉक केलं जातं, आणि हातात उरतं फक्त यूपीआयच्या पावतीवरचं एक नाव.

सगळे असे नसतात. घरून साड्या, दागिने, मसाले विकणाऱ्या कितीतरी बायका चोख व्यवहार करतात. म्हणून पैसे पाठवण्याआधी तीन गोष्टी मागा: पत्ता, बिल, आणि वस्तूचं वर्णन चॅटमध्ये लेखी. ‘प्युअर सिल्क आहे ना?’ असं विचारा आणि ‘हो’ येऊ द्या. तो ‘हो’ म्हणजे तुमचा पुरावा. पत्ता द्यायला टाळाटाळ झाली तर विषय तिथेच सोडा.

पैसे घेऊन पेज गायब झालं तर ते ग्राहक आयोगाचं प्रकरण राहत नाही, ती फसवणूक आहे. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका लवकर फोन, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

रिफंडच्या नादात खातं रिकामं

साडीचे ८०० रुपये गेले, ते मिळवायला गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर शोधला, आणि त्या फोननंतर खात्यातले ४० हजार गेले. अशा घटना सतत घडतात. गुगलवर दिसणारे कित्येक ‘कस्टमर केअर’ नंबर भामट्यांनी टाकलेले असतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, ‘सर, रिफंड अप्रूव्ह झालाय’ म्हणतो, एक लिंक पाठवतो किंवा एनीडेस्कसारखं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो.

नंबर फक्त कंपनीच्या अ‍ॅपमधून घ्या. कॅश ऑन डिलिव्हरीचा परतावा हवा असेल तर खात्याची माहिती अ‍ॅपच्या आतच भरा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. आणि घरातल्या मोठ्यांना हे एक वाक्य नक्की सांगून ठेवा: यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ असं कुणी म्हणालं की फोन कट करायचा आणि १९३० लावायचा.